घटस्फोटानंतरचा देश

१

विवाह संपल्यावर स्त्रीने राहावे कोठे, हा प्रश्न मराठी कादंबरीला तिच्या जन्मापासून चिकटलेला आहे. १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटना’पासून पुढे कित्येक दशके आमच्या लेखकांनी तो विधवेच्या निमित्ताने विचारला. सासर आता तिचे राहिले नाही आणि माहेर तिला पूर्वीच्या हक्काने घेत नाही, तर मग ती कोणाच्या घरची? प्रस्तुत लेखात आम्हांला हाच प्रश्न घरापेक्षा मोठ्या जागेविषयी विचारावयाचा आहे. अमेरिकी नागरिकाशी विवाह करून एखाद्या परदेशीय व्यक्तीने त्या देशात कायम निवासाचा हक्क मिळवला आणि पुढे तो विवाह मोडला, तर त्या हक्काचे काय होते?

व्यवहारी उत्तर थोडक्यात सांगता येते. कायम निवास पक्का झाल्यानंतर घटस्फोट झाला, तर केवळ तेवढ्याने तो जात नाही. निवास सशर्त असताना घटस्फोट झाला, तर आपला विवाह खरा होता हे त्या व्यक्तीला एकट्याने सिद्ध करावे लागते. निवासाचा अर्ज मंजूर होण्यापूर्वीच घटस्फोट झाला, तर त्या विवाहाच्या आधारावरचा अर्ज सामान्यतः कोसळतो. वकील इतके सांगून थांबेल. साहित्याच्या अभ्यासकाचे कुतूहल मात्र पुढे जाते, कारण या तीन वाक्यांच्या मागे दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न आपल्या अभ्यासविषयाशी अगदी जवळचा आहे. शेवट ठाऊक झाल्यावर आरंभ कसा वाचावा, हा तो प्रश्न.

२

या इतिहासाची पहिली पायरी इंग्लिश सामान्य कायद्यात सापडते. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने आपल्या भाष्यग्रंथात जे सूत्र मांडले त्याचा आशय असा, की विवाहाने पती आणि पत्नी कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती होतात आणि पत्नीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व विवाहकाळापुरते स्थगित होते. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. विवाहाबरोबर मुलीचे गोत्र बदलते, आडनाव बदलते आणि आपल्याकडे तर पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. इंग्लिश विवाहविचारातून आलेला दांपत्यहक्कांच्या पुनःप्रस्थापनेचा दावा रखमाबाईंच्या खटल्याच्या रूपाने (१८८४-८८) मुंबईच्या न्यायालयात उभा राहिला, तेव्हा इंग्रजांचा कायदा आणि इथली रूढी या दोहोंचा मेळ किती सहज बसला, हेही आपल्याला ठाऊक आहे.

अमेरिकेने या सूत्राला राष्ट्रीयत्वाचे परिमाण दिले. १८५५ च्या कायद्याने अमेरिकी नागरिकाशी विवाह करणारी परदेशीय स्त्री, ती स्वतः नागरिकत्वास पात्र अशा वर्गातली असेल तर, आपोआप नागरिक होऊ लागली. त्या काळी ही पात्रता ‘गोऱ्या’ वर्णापुरती होती. अर्ज नाही, शपथ नाही; जणू गोत्रांतरच. याची दुसरी बाजू १९०७ च्या कायद्याने पुरी केली. त्याच्या तिसऱ्या कलमाने परदेशीय पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री पतीचे राष्ट्रीयत्व धारण करते असे ठरवले. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच गावात राहून ती परकी होत असे.

या तरतुदीला आव्हान मिळाले ते कॅलिफोर्नियातून. एथेल मॅकेन्झी या जन्माने अमेरिकी, पती गॉर्डन मॅकेन्झी ब्रिटिश प्रजाजन, विवाह १९०९ चा. कॅलिफोर्नियात स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर एथेलबाई १९१३ साली मतदार म्हणून नोंदणी करावयास गेल्या, तेव्हा त्यांना नकार मिळाला : तुम्ही नागरिक नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९१५ साली न्यायालयाने निर्णय दिला तो त्यांच्या विरोधात. परिणाम ठाऊक असूनही त्यांनी स्वेच्छेने विवाह केला आहे, तेव्हा नागरिकत्व सोडण्याला त्यांची संमती आहे असेच समजावयाचे, असा त्याचा भावार्थ होता. विवाहाला दिलेली संमती ही देशत्यागाला दिलेली संमती! ‘संमती’ या शब्दाला केवढा भार पेलावा लागतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने १९०७ च्या कायद्यातील खरे महत्त्वाचे कलम चौथे आहे, आणि त्याकडे फारसे कोणी वळत नाही. विवाहामुळे अमेरिकी नागरिक झालेल्या परदेशीय स्त्रीचा विवाहसंबंध संपला, तर काय? कलम सांगते, की ती अमेरिकेत राहत असेल आणि न्यायालयापुढे नागरिकत्वाचा औपचारिक त्याग करीत नसेल, तर तिचे नागरिकत्व टिकून आहे असे मानावे. विवाहाने दिलेले विवाहाबरोबर परत घ्यावयाचे नाही. तिच्या पूर्ववृत्ताची चौकशी नाही, विवाह का मोडला याची विचारपूस नाही. तिने तेथे राहत राहावे, एवढेच पुरे. स्त्रीचे स्वतंत्र व्यक्तित्व मान्य न करणाऱ्या कायद्याने घटस्फोटितेशी दाखवलेले हे औदार्य पुढच्या शतकात, तिचे व्यक्तित्व मान्य झाल्यावर, तितक्या सहजपणे तिच्या वाट्याला आले नाही. या विसंगतीकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

३

१९२० साली स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळाला आणि पत्नीने राष्ट्रीयत्वाबाबत पतीच्या मागे जावे हे तत्त्व टिकणे अवघड झाले. २२ सप्टेंबर १९२२ च्या केबल कायद्याने विवाहित स्त्रीचे नागरिकत्व पतीपासून वेगळे केले. नागरिकाशी विवाह करणाऱ्या परदेशीय स्त्रीला आता आपोआप नागरिकत्व मिळेना; तिने अर्ज करावा, ठरावीक काळ राहावे, शपथ घ्यावी. प्रगतीची ही बाजू सर्वत्र सांगितली जाते. तिच्यात एक अपवाद होता : नागरिकत्वास अपात्र अशा परदेशीयाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री मात्र आपले नागरिकत्व गमावत राहिली.

अपात्र कोण? याचे उत्तर भारतीयांच्या संदर्भात १९२३ साली मिळाले. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कायद्यातील ‘गोरा’ हा शब्द सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे वाचावयाचा, आणि त्या समजुतीत हिंदुस्थानी बसत नाहीत. मानववंशशास्त्राचे दाखले तेथे चालले नाहीत. पुढे सरकारने ज्या हिंदुस्थानींना पूर्वी नागरिकत्व दिले होते, त्यांचे ते काढून घेण्याची मोहीम उघडली. आणि पती अपात्र ठरला की त्याच्या अमेरिकी पत्नीच्या पायाखालची जमीनही सरकू लागली.

क्रांतिकारक आणि अभ्यासक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी दास यांची अशीच गत झाली. विवाह १९२४ चा. जन्माने अमेरिकी असलेल्या या बाईंनी १९२६ साली ‘नेशन’ या साप्ताहिकात आपल्या देशहीनतेविषयी लेख लिहिला. पतीचा देश ब्रिटिशांच्या ताब्यात आणि स्वतःचा देश त्यांना आपले म्हणेना.

याच काळात लॉस एंजेलिस येथे सखाराम गणेश पंडित नावाचे वकील होते. मराठी वाचकाला या नावाची घडण लगेच ओळखीची वाटेल. ते १९१४ साली अमेरिकी नागरिक झाले होते आणि थिंद यांची बाजू त्यांनीच लढवली होती. सरकारने त्यांचेही नागरिकत्व रद्द करावयास घेतले, तेव्हा त्यांनी वर्णाचा वाद पुन्हा न घालता निराळीच बाजू मांडली. या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली केली, घर घेतले, अमेरिकी स्त्रीशी विवाह केला. आज ते काढून घेतले तर माझी पत्नीही देश गमावेल. एकदा न्यायालयाने रीतसर दिलेला आणि ज्यावर एक आयुष्य उभे राहिले तो निर्णय सरकारला आता उलटवता येणार नाही. अपील न्यायालयाने १९२६ साली मूळ नागरिकत्वाचा निर्णय अंतिम मानून पंडितांच्या बाजूने कौल दिला, आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. त्यानंतर अशा खटल्यांचा जोर ओसरला. केबल कायद्यातील तो अपवाद १९३१ साली रद्द झाला, आणि हिंदुस्थानींना नागरिकत्वाचे दार १९४६ साली उघडले, तेही वर्षाला १०० जणांच्या कोट्यासह.

पंडितांचा युक्तिवाद आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. दिलेला दर्जा हा कागदावरचा शिक्का असला, तरी माणूस त्या शिक्क्यावर घर बांधतो. शिक्का पुसावयाचा तर घराचा विचार करावा लागतो. पुढे घटस्फोटितांच्या बाजूने जे जे बोलले गेले, त्याचे बीज येथे आहे.

४

दरम्यान प्रश्नाचे रूप पालटले. १९२४ च्या कायद्याने देशोदेशींच्या लोकांसाठी कोटे ठरवले, तेव्हा नागरिकाच्या पत्नीला कोट्याबाहेर प्रवेश मिळाला. पतीला ती मुभा तशी नव्हती. १९४५ च्या ‘वॉर ब्राइड्स’ कायद्याने सैनिकांच्या परदेशीय जोडीदारांची वाट आणखी सोपी केली, आणि १९५२ च्या कायद्याने ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ आणून स्त्री-पुरुष भेद काढून टाकला. विवाहाने नागरिकत्व मिळण्याचे दिवस गेले होते. आता विवाहाने निवास मिळत होता, आणि तो सर्वांत जवळचा रस्ता होता. रस्ता जवळचा झाला की त्यावर पहारा बसतो.

पहाऱ्याचे तत्त्वज्ञान प्रथम स्पष्ट झाले ते १९५३ च्या लुटवॉक खटल्यात. युद्धानंतर काही निर्वासितांना अमेरिकेत आणण्यासाठी माजी सैनिकांशी त्यांचे विवाह पॅरिसमध्ये लावण्यात आले होते. एकत्र संसार करण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. आरोपींचे म्हणणे, विवाह विधिवत झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर असे, की विवाह वैध आहे की नाही हा येथे प्रश्नच नाही. संसार थाटण्याचा हेतू नसताना तो असल्याचे भासवले, हा गुन्हा आहे. न्या. जॅक्सन यांनी भिन्नमत नोंदवले. विवाह ज्या फ्रान्समध्ये झाले तेथील कायद्याने ते वैध होते की काय, हे ठरवल्यावाचून शिक्षा कशी द्यावयाची, असा त्यांचा आक्षेप होता.

या निर्णयाने विवाहाचे दोन भाग केले. एक विधी, जो उपाध्याय किंवा निबंधक पाहू शकतो. दुसरा हेतू, जो कोणालाच दिसत नाही आणि जो मागाहून, खुणांवरून, अनुमानाने वाचावा लागतो. हेतू वाचावयाचा म्हटले की वाचनाचे सगळे धोके आले. त्यांतला मोठा धोका असा, की वाचक शेवटावरून आरंभ ठरवतो. संसार मोडला, म्हणजे तो मुळात खरा नव्हताच.

हा धोका न्यायालयांनी ओळखला, याची नोंद केली पाहिजे. १९७५ साली पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या नवव्या अपील न्यायालयाने सांगितले, की पाहावयाचे ते एवढेच : विवाह करताना दोघांचा एकत्र आयुष्य घडवण्याचा हेतू होता काय? नंतरचे वर्तन हा त्या हेतूचा पुरावा म्हणून तेवढा उपयोगी. १९७९ साली त्याच न्यायालयापुढे एका इराणी गृहस्थाचे प्रकरण आले. अमेरिकी स्त्रीशी विवाह, कायम निवास, लगोलग घटस्फोट, आणि पुढे स्वदेशातील स्त्रीशी विवाह. सरकारने म्हटले, निवास मिळाला तेव्हाच हा विवाह निर्जीव झाला होता, तेव्हा निवास रद्द. न्यायालयाने हे अमान्य केले. विवाह आरंभी बनावट नव्हता आणि निवास मिळतेवेळी कायद्याने अस्तित्वात होता, तर तो सुखाचा होता की नव्हता, टिकणारा होता की नव्हता, हे मोजण्याचा अधिकार सरकारला नाही. अयशस्वी विवाह आणि खोटा विवाह यांत अंतर आहे. साधे वाक्य, परंतु हजारो माणसांचा मुक्काम आजही त्यावर अवलंबून आहे.

५

हे अंतर कायदेमंडळाला पुरेसे वाटले नाही. १९८५ साली सिनेट समितीपुढे स्थलांतर खात्याने सांगितले, की विवाहाच्या आधारे येणाऱ्या अर्जांपैकी सुमारे ३० टक्के विवाह बनावट असावेत. हा आकडा वृत्तपत्रांतून फिरला. तो सिद्ध झालेल्या फसवणुकीचा नव्हता, अधिकाऱ्यांच्या संशयाचा होता, आणि ज्या पाहणीवर तो आधारलेला होता तिची विश्वसनीयता पुढे टिकली नाही. परंतु तोवर १० नोव्हेंबर १९८६ चा विवाहविषयक फसवणूक-विरोधी कायदा होऊन गेला होता.

या कायद्याने ‘सशर्त निवास’ ही नवी अवस्था निर्माण केली. निवास मिळते त्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पुरी झालेली नसतील, तर मिळणारे ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे. ही मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी मिळून अर्ज करावयाचा. आज तो ‘आय-७५१’ या क्रमांकाने ओळखला जातो. अर्ज न केल्यास निवास आपोआप संपतो. जाणूनबुजून बनावट विवाह केल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरांपर्यंत दंड. कायद्याने आता विवाहाला परिवीक्षेवर ठेवले, नव्या नोकरदाराला ठेवतात तसे.

संयुक्त अर्जाला दोन सह्या लागतात. दुसरी सही देणाराच निघून गेला तर काय, याचा विचार १९८६ च्या कायद्यात होता, पण तो फार कंजूष होता. घटस्फोटिताला सूट मिळे ती विवाह सद्भावाने केलेला असेल, आणि तो परदेशीय जोडीदाराने स्वतः, सबळ कारणास्तव संपवलेला असेल तर. या अटीचा अर्थ संसाराच्या भाषेत सांगून पाहावा. पतीने मारले म्हणून पत्नीने घटस्फोट मागितला, तर तिला सूट मागता येईल. परंतु पतीनेच आधी न्यायालयात जाऊन घटस्फोट मिळवला, तर विवाह तिने संपवलेला नाही. म्हणून ही सूट नाही. उरली ती हद्दपारीने अतिशय हाल होतील हे दाखवून मिळणारी सूट, आणि ती दुर्मिळ. परिणाम उघड होता. कोण आधी न्यायालयाचा उंबरठा चढतो यावर देशातला मुक्काम ठरू लागला, आणि ‘माझी सही हवी असेल तर’ या शब्दांना घरातल्या भांडणात न्यायालयाइतके वजन आले. फसवणूक रोखण्यासाठी केलेल्या कायद्याने नागरिक जोडीदाराच्या हाती, त्याची इच्छा असो वा नसो, एक काठी दिली.

ही काठी हळूहळू, चार टप्प्यांत काढून घेतली गेली. नोव्हेंबर १९९० च्या कायद्याने ‘स्वतः’ आणि ‘सबळ कारण’ या दोन्ही अटी गाळल्या. घटस्फोट कोणी मागितला, दोष कोणाचा, हे आता विचारावयाचे नाही, विवाह सद्भावाने केला होता काय एवढेच पाहावयाचे. त्याच कायद्याने छळ सोसलेल्या जोडीदारासाठी वेगळी सूट दिली. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक कायद्याने छळ सोसणाऱ्या जोडीदाराला नागरिक पतीच्या किंवा पत्नीच्या सहीवाचून स्वतःच मूळ अर्ज करण्याची मुभा दिली. परंतु अर्ज करतेवेळी विवाह अस्तित्वात असला पाहिजे, ही अट राहिली. म्हणजे सुटका आणि अर्ज यांतून निवड करावी लागे. २००० साली ती अट सैल झाली. घटस्फोटाचा छळाशी संबंध असेल, तर घटस्फोटानंतर दोन वर्षांपर्यंत असा अर्ज करता येऊ लागला. चौथा टप्पा २००९ चा, विधवा-विधुरांचा. विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वी नागरिक जोडीदार मरण पावला तर उरलेल्याचा मार्ग बंद होत असे. ती अट त्या वर्षी गेली.

येथे आम्हांला १९०७ च्या चौथ्या कलमाची आठवण होते. तेथे घटस्फोटितेने राहत राहावे एवढेच अपेक्षित होते. १९८६ मध्ये तिने आपण निर्दोष आहोत हे दाखवणे अपेक्षित होते. १९९० पासून तिने आपण खऱ्या होतो हे दाखवणे अपेक्षित आहे. स्त्री पतीची छाया मानली जात होती तोवर तिच्या हेतूची चौकशी करण्याची गरजच नव्हती. छायेला हेतू नसतो. स्वतंत्र व्यक्ती म्हणून तिला मान्यता मिळाली आणि त्याबरोबर तिच्यावर संशय घेण्याची सोयही झाली. मुक्तीचा इतिहास सरळ रेषेत लिहिणाऱ्यांनी हा वळसा टाळू नये.

६

हेतू सिद्ध करावयाचा तो कशाने? सूट मागणाऱ्या व्यक्तीची फाइल हा एक विलक्षण साहित्यप्रकार आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा हा तिचा शेवट, आणि तोच सर्वांत वर लावलेला. त्याखाली दोघांच्या नावाचे बँकखाते, घराचा भाडेकरार, एकत्र भरलेली करविवरणे, विम्यावर लावलेले जोडीदाराचे नाव, मुलांचे जन्मदाखले, प्रवासाची तिकिटे, छायाचित्रे, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रे. यांच्या सोबत अर्जदाराचे स्वतःचे निवेदन : आम्ही कसे भेटलो, कसे राहिलो, कोठे बिनसले. पुराव्याचा भार अर्जदारावर असतो. संसार मोडताना माणूस ज्या गोष्टी फाडतो, फेकतो, मागे ठेवून निघतो, नेमक्या त्याच त्याला जपून ठेवाव्या लागतात. अपमानित होऊन रात्री घर सोडणाऱ्या स्त्रीने जाताना वीजबिले बरोबर घ्यावीत, अशी या कायद्याची अबोल अपेक्षा आहे.

या फाइलचा आदर्श वाचक एका विशिष्ट कथानकाला सरावलेला असतो : ओळख, सहवास, प्रेम, विवाह, एकत्र खाते. भारतीय ठरवून केलेला विवाह या कथानकात नीट बसत नाही. पत्रिका जुळली, दोन भेटी झाल्या, पंधरा दिवसांच्या रजेत लग्न उरकले, हे आपल्याकडे सद्भावाचे लक्षण आहे. परक्या वाचकाला ते घाईचे, म्हणून संशयाचे वाटू शकते. उलट ज्या गोष्टींना आपण निव्वळ सोपस्कार मानतो, ती छापील निमंत्रणपत्रिका, आहेराची वही, मांडवात उभ्या असलेल्या दोन्हीकडच्या नातलगांची छायाचित्रे, त्या तेथे भक्कम पुरावा ठरतात. ज्या विवाहात शंभर-दोनशे माणसे जेवली तो बनावट कसा म्हणावा? प्रेमाचा पुरावा देता येत नसेल, तर पंगतीचा देता येतो.

आपल्या परंपरेतील घटस्फोटालाही या फाइलमध्ये जागा शोधावी लागली आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि सोडचिठ्ठी यांची रूढी होती. मुंबई इलाख्याने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने मिळणारा घटस्फोट अबाधित ठेवला. सोडचिठ्ठी ही जोडीदारापासून मुक्त झाल्याची लेखी खूण. अमेरिकेतील स्थलांतरविषयक अपील मंडळापुढेही हिंदू रूढीने झालेल्या घटस्फोटाचा प्रश्न आला, आणि अशी रूढी आहे व ती पाळली गेली हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर राहिली. रूढी परदेशात नेता येते. मात्र तेथे ती स्वतःहून बोलत नाही, तिला साक्षीदार लागतात.

दोन वर्षांची अट पार पडल्यावर, किंवा निवास मिळतानाच विवाहाला दोन वर्षे झालेली असल्यास, मिळते ते दहा वर्षांचे कार्ड. त्यानंतरच्या घटस्फोटाने निवास जात नाही. मात्र विवाहाची सावली पूर्णपणे हटतही नाही. नागरिकाबरोबर नांदणाऱ्याला तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, घटस्फोटिताला इतरांप्रमाणे पाच वर्षे थांबावे लागते, आणि त्या अर्जाच्या वेळी जुना विवाह पुन्हा वाचला जाऊ शकतो. पाच वर्षांच्या आत दुसरा विवाह करून नव्या जोडीदारासाठी अर्ज केला, तर पहिला विवाह खरा होता हे अधिक काटेकोरपणे दाखवावे लागते. १९७९ च्या त्या इराणी गृहस्थाला न्यायालयाने सोडले. कायदेमंडळ त्याला विसरले नाही.

एक बंधन मात्र उलट दिशेने टिकते. जोडीदाराला बोलावताना नागरिक जे पोषणाचे हमीपत्र लिहून देतो, ते १९९६ च्या कायद्यापासून न्यायालयात बजावता येते, आणि घटस्फोटाने ते संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या खात्यावर सुमारे दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत, किंवा तो कायमचा देश सोडेपर्यंत वा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत ही हमी उभी राहते. नाते संपले तरी पोषणाचे वचन उरते. सरकारी तिजोरीच्या काळजीतून जन्मलेल्या या तरतुदीने जुन्या विवाहकल्पनेतला एक धागा नकळत जिवंत ठेवला आहे.

७

आमच्या वाचकांपैकी काहींना वाटेल, की ही परक्या देशाची गोष्ट. म्हणून शेवटी आपल्या कायद्याकडे वळणे योग्य होईल. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने नोंदणीने नागरिकत्व मिळवण्याची वाट ज्यांना दिली, त्यांत भारतीय नागरिकांशी विवाहित असलेल्या किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रिया होत्या. ‘किंवा पूर्वी’ या शब्दांत १९०७ च्या चौथ्या कलमासारखाच उदारपणा आहे. १९८६ साली ‘स्त्रिया’च्या जागी ‘व्यक्ती’ आल्या आणि वास्तव्याची अट वाढली. २००३ च्या दुरुस्तीनंतर ‘पूर्वी विवाहित’ हे शब्द गेले. उरली ती सध्या विवाहित असलेली व्यक्ती.

आणि २०१५ च्या दुरुस्तीने भारतीय नागरिकाच्या परदेशीय जोडीदाराला, नोंदलेला विवाह दोन वर्षे टिकला असल्यास, ओसीआय कार्ड देताना असेही ठरवले, की विवाह विसर्जित झाला तर ते कार्ड रद्द करता येईल. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, परंतु आयुष्यभर ये-जा करण्याचा आणि राहण्याचा हक्क त्यात आहे. आपल्याकडे घटस्फोटिताला आपला विवाह खरा होता हे सिद्ध करण्याची संधीही या तरतुदीत नाही. विवाह खरा असो की खोटा, तो संपला एवढे कारण पुरते. पुण्यात वीस वर्षे राहिलेल्या, मराठी शिकलेल्या, जिची मुले येथल्या शाळेत जातात अशा परदेशीय घटस्फोटितेचा विचार केला, म्हणजे या तरतुदीचा अर्थ ध्यानात येईल. सासर सुटले की गावही सुटावे, ही आपली जुनी समजूत २०१५ च्या कायद्यात सुखाने नांदते आहे.

अमेरिकेच्या कायद्याचे आम्हांला कौतुक करावयाचे नाही. तो संशयातून जन्मला, चुकीच्या आकड्यावर पोसला गेला, आणि ज्यांना त्याने सर्वाधिक इजा केली त्यांच्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागले. परंतु त्या दुरुस्त्यांमधून एक तत्त्व हाती लागले आहे, आणि ते सखाराम गणेश पंडितांच्या युक्तिवादाइतके जुने आहे. माणूस ज्याच्या हाताला धरून एखाद्या देशात येतो, तो हात सुटला तरी मधल्या वर्षांत त्या माणसाने तेथे जे उभे केले ते त्याचे स्वतःचे असते. विवाहाचा अंत हा त्या विवाहाच्या खोटेपणाचा पुरावा नव्हे, आणि राहण्याचा हक्क हे परत करावयाचे स्त्रीधन नव्हे. आपल्या साहित्याने विधवेच्या बाजूने हे वाक्य दीड शतकापूर्वी उच्चारावयास सुरुवात केली होती. परदेशीय घटस्फोटितेच्या बाजूने ते आपल्या कायद्यात अजून लिहिले जावयाचे आहे.